लेकरांचा कोविड

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. कोविड मुलांना काय करतो, हा प्रश्न मला लग्नकार्यात, बँकेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, सगळीकडे विचारला गेला. विचारणाऱ्याला बहुधा फुफ्फुसांबद्दल ऐकायचं असतं. माझं उत्तर तिथे संपत नाही. विषाणूने मोठ्यांच्या मानाने मुलांना पुष्कळच सोडलं. पण त्या दोन-अडीच वर्षांत मोठ्यांनी घेतलेले निर्णय, मोठ्यांना वाटलेली भीती आणि मोठ्यांचं मरण, यातून लेकरं सुटली नाहीत. ओपीडीत बसून मी जे पाहिलं, ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारातलं आहे.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि आमची ओपीडी ओस पडली. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात शांतता ही फार विचित्र गोष्ट असते. त्यातला काही भाग चांगलाच होता. शाळा बंद, यात्रा बंद, लग्नं बंद; त्यामुळे सर्दी-खोकला, जुलाब, कांजिण्या खरोखरच कमी झाल्या होत्या. पण सगळीच लेकरं काही एकाएकी बरी झाली नव्हती. ज्यांनी यायला हवं होतं तीही येत नव्हती, हे कळायला थोडे दिवस गेले.

त्या उन्हाळ्यात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी आली. बाप मोटरसायकल चालवत होता, मागे मामाने तिला दोघांच्या मध्ये धरून ठेवलं होतं. तीन आठवड्यांपासून ती सारखी पाणी पीत होती, रात्रीत चार-चार वेळा लघवीला उठत होती, वाळत चालली होती. दोन दिवसांपासून उलट्या होत होत्या आणि आता धाप लागली होती. घरच्यांनी धाप म्हणजे कोरोना अशी गाठ मारली होती आणि म्हणूनच ते आले नव्हते. "कोरोना निघला तर लेकराला एकटीला ठिवतेत, आमाला भेटू देत न्हाईत, असं समदे म्हनत होते," बाप म्हणाला. मी तिच्याजवळ वाकले तर श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास. बोटातलं थेंबभर रक्त ग्लुकोमीटरला लावलं, तर आकडाच येईना. यंत्राच्या मोजण्यापलीकडे साखर गेली की पडद्यावर नुसतं 'हाय' उमटतं, ते उमटलं. टाइप वन मधुमेह. इन्सुलिन न मिळाल्याने रक्तात आम्ल साचलं होतं आणि ते बाहेर टाकायला ती खोल-खोल श्वास घेत होती. छातीत काहीच नव्हतं. ती वाचली, आज स्वतःची इंजेक्शनं स्वतः घेते. पण पहिल्याच आठवड्यात आली असती, तर अतिदक्षता विभागाचं तोंड बघावं लागलं नसतं. मधुमेहाची मुलं त्या काळात उशिरा, अत्यवस्थ होऊन आली, असं जगभरच्या डॉक्टरांनी नंतर लिहिलं. क्षयाचंही तसंच झालं. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता. रुग्ण घरी बसले होते आणि घरातल्या लेकरांच्या तोंडावर खोकत होते.

खुद्द कोविडबद्दल सांगायचं तर, पॉझिटिव्ह आलेली बहुतेक मुलं दोन-तीन दिवस तापली, थोडी खोकली, काहींना जुलाब झाले आणि चौथ्या दिवशी ती अंगणात खेळायला लागली. मुलांच्या नाकाच्या आतल्या आवरणावर विषाणूला चिकटायला लागणारी जागा मोठ्यांपेक्षा कमी असते आणि त्यांची पहिल्या फळीची प्रतिकारशक्ती चटकन जागी होते, अशी त्याची कारणं दिली जातात. काही लेकरं गंभीर झाली, ती बहुधा आधीच हृदयाची, मेंदूची, रक्ताची दुखणी असलेली किंवा फार स्थूल होती. या दिवसांत माझा अर्धा वेळ औषधं न देण्यात गेला. आई-बाप व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चिठ्ठी दाखवायचे: हे अँटिबायोटिक, हे स्टेरॉइड, छातीचा सीटी स्कॅन. सहा वर्षांच्या खेळत्या मुलाचा सीटी कशासाठी, हे समजावून सांगायला औषध लिहून देण्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो. जून २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. मुलांना रेमडेसिव्हिर नको, सौम्य आजारात स्टेरॉइड नको, पाच वर्षांखालच्यांना मास्कची सक्ती नको. तो कागद मी टेबलावरच्या काचेखाली ठेवला. सरकारी शिक्का दिसला की बाप मंडळी जरा लवकर ऐकतात.

आणि मग तो एक आजार, ज्यात विषाणूने मुलांनाच गाठलं.

दुसरी लाट ओसरत होती. आठ वर्षांचा एक मुलगा गावातल्या सर्जनकडून माझ्याकडे आला. चार दिवस ताप, पोटात उजवीकडे दुखणं, उलट्या. अपेंडिक्सची शंका होती, पण सर्जन अनुभवी, त्यांना काहीतरी खटकलं म्हणून त्यांनी सुरी बाजूला ठेवून फोन केला. मुलगा टेबलावर पडला होता. डोळे लालभडक, पण पू नाही. ओठ फुटलेले, जीभ लाल. पोटावर आणि मांड्यांवर पुसट लाल चट्टे. हात हातात घेतला तर बोटं गार आणि नाडी इतकी जोरात पळत होती की मोजताना चुकायला होत होतं. रक्तदाब मोठ्या माणसाच्या यंत्राने लागेना. लहान पट्टा आणला तेव्हा लागला आणि तो फार कमी होता. मी बापाला एकच विचारलं, "महिन्याभरात घरात कुणी आजारी होतं का?" तो म्हणाला, "ह्याची आई होती. चार आठवडे झाले. पण ह्याला तवा कायबी नव्हतं बाई. आन काल याची टेस्ट केली, निगेटिव्ह हाय."

निगेटिव्ह असणारच होती. विषाणू येऊन गेलेला असतो. बऱ्याचदा घरच्यांना पत्ताही नसतो. दोन ते सहा आठवड्यांनी शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणा भडकते आणि हृदय, आतडी, रक्तवाहिन्या, त्वचा सगळ्यांवर उठते. एप्रिल २०२० च्या अखेरीस ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी प्रथम याचा इशारा दिला, मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली. इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही 'मिस-सी' म्हणतो. जपानच्या तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये ज्या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं, त्या कावासाकी आजाराशी याची लक्षणं बरीच जुळतात. फरक असा की कावासाकी मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना होतो आणि हा शाळकरी, एरवी ठणठणीत मुलांना होत होता.

त्या मुलाची इको केली, हृदयाची पंपिंग निम्म्याहून जास्त घटली होती. औषध होतं: इम्युनोग्लोब्युलिन, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दोन ग्रॅम. मुलाचं वजन वीस किलो, म्हणजे चाळीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या. खर्च लाखाच्या आसपास. आईच्या ऑक्सिजनसाठी या घराने आधीच बैल विकले होते. आम्ही स्टेरॉइड लगेच सुरू केलं, रक्तदाबाचं औषध सुरू केलं आणि त्याला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला पाठवलं. पैसे चुलत्यांनी, गावाने आणि त्याच्या शाळेतल्या शिक्षकांनी उभे केले. सहा आठवड्यांनी तो इकोचा कागद घेऊन आला, हृदय पूर्ववत झालं होतं. त्याने मला शाळा कधी उघडणार, हे विचारलं.

सगळी परत आली नाहीत. त्याच महिन्यात दुसऱ्या तालुक्यातली एक मुलगी आली ती सहाव्या दिवशी, तीन दवाखाने फिरून. तिथे टायफॉइडची सलाइनवर सलाइन लागली होती. पंपिंग कमी झालेल्या हृदयाला तेवढं पाणी पेलत नाही. तिला मी रुग्णवाहिकेत चढवलं, पण ती वाटेतच गेली. तिच्या आईला दोष देणारे नातेवाईक मी ऐकले आणि मला त्यांचा राग आला. ती बाई तिसऱ्या दिवशीच लेकराला घेऊन बाहेर पडली होती. आजाराचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर आम्ही काही डॉक्टरांनी तालुक्यातल्या आशाताईंना, नर्सताईंना, जनरल प्रॅक्टिशनरांना जमवून एकच वाक्य पाठ करून घेतलं: ताप तीन दिवसांच्या वर, डोळे लाल, पोट दुखतंय, तर महिन्याभरापूर्वी घरात कोण आजारी होतं ते विचारा. यासाठी यंत्र लागत नाही, लॅब लागत नाही. पुढची बरीच लेकरं त्या एका प्रश्नामुळे वेळेत आली.

त्याच उन्हाळ्यात तिसऱ्या लाटेची धास्ती पसरली. पहिली लाट म्हाताऱ्यांची, दुसरी तरुणांची, तिसरी लेकरांची, असा हिशेब लोकांनी परस्पर मांडला होता. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं की तिसरी लाट केवळ मुलांनाच गाठेल असं मानायला आधार नाही. पण भीतीचं ऐकणारे जास्त असतात. राज्याने बालरोगतज्ज्ञांचा टास्क फोर्स नेमला, जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांसाठी खाटा वाढवल्या, भिंतींवर ससे आणि फुलपाखरं रंगवली गेली. त्या तयारीबद्दल माझी तक्रार नाही. लहान मापाचे मास्क, नवजात बाळांच्या श्वासाची यंत्रं, ऑक्सिजनची पाइपलाइन हे सगळं आमच्यासारख्या भागात आधीच हवं होतं आणि ते आजही न्यूमोनियाच्या बाळांच्या कामी येतं. तक्रार वेगळी आहे. जुलै २०२१ मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या चौथ्या सर्वेक्षणाचे आकडे आले: सहा ते नऊ वर्षांच्या ५७ टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या जवळपास ६२ टक्के मुलांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडं होती. म्हणजे निम्म्याहून जास्त लेकरांना शाळा बंद असतानाच तो होऊन गेला होता, तोही घरात. शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक उघडाव्यात, असं आयसीएमआरच्या प्रमुखांनी तेव्हाच जाहीरपणे म्हटलं. आपण उलटं केलं. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या वर्गांना १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला आणि जानेवारीत ते पुन्हा बंद झाले. मॉल, बाजार आणि प्रचारसभा त्याच्या कितीतरी आधी सुरू होत्या. याला मी अन्याय म्हणते.

शाळा बंद म्हणजे अभ्यास बंद, एवढंच शहरातल्या लोकांना वाटलं. इथे शाळा बंद म्हणजे दुपारची खिचडी बंद. कोरडा तांदूळ आणि डाळ घरी दिली गेली, पण घरी ती सगळ्यांच्या ताटात वाटली गेली, आणि ते चुकीचंही नव्हतं. आमच्याकडे वजनं दोन्ही बाजूंनी बिघडली. वाडी-तांड्यावरची मुलं वाळली, गावातली मोबाइलपुढे बसून फुगली. वयाच्या मानाने लवकर पाळी आलेल्या मुली या काळात वाढल्याचं पुण्यातल्या संप्रेरकतज्ज्ञांनी नोंदवलं, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन घाबरलेल्या आया माझ्याकडेही आल्या. नववीत असलेली एक मुलगी, जिला मी तान्ही असल्यापासून लसी दिल्या होत्या, ती कपाळाला मळवट भरून स्वतःचं बाळ घेऊन समोर बसली. घरची माणसं म्हणाली, "शाळा तर बंदच होती, कितीदी घरात ठेवावी? आन लग्नात खर्चबी आला न्हाई." त्या लग्नाला पंचवीस माणसं होती. त्याची कुठे तक्रार झाली नाही.

वाचन तर मागे पडलंच. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली. ओपीडीत मला ते असं दिसायचं: औषधाच्या बाटलीवर मी मोठ्या अक्षरात 'सकाळ' आणि 'रात्र' लिहिते, आणि आई निरक्षर असली तर पोराला वाचायला सांगते. तिसरी-चौथीतली लेकरं बाटली हातात घेऊन आईकडे बघत राहायची.

पण सगळ्यात जास्त मला शिकवलं ते अनाथ झालेल्या लेकरांनी.

नऊ वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर आला. पोटात दुखतं, रात्री अंथरूण ओलं होतं, शाळेचं नाव काढलं की उलटी होते. आजी आत आली, तो पायरीवरच उभा राहिला. आत यायला तयार नाही. कंपाउंडरने हाताला धरलं तर ओरडायला लागला. आजी पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "याचा बाप असाच दवाखान्याच्या पायऱ्या चढून आत गेला बाई. तो परत आलाच न्हाई. याला आम्ही सांगितलं की पुण्याला कामाला गेलाय." गेल्याला सात महिने झाले होते. मी स्टेथोस्कोप घेऊन बाहेर गेले. अंगणातल्या लिंबाखाली त्यांच्या टमटमच्या सीटवर बसून त्याला तपासलं. पोट मऊ होतं, कुठेही दुखत नव्हतं. मी आजीला म्हटलं, औषध देते, पण आधी त्याला खरं सांगा. आजीला ते क्रूर वाटलं. पुढच्या वेळी चुलत्याला बोलावून घेतलं आणि आम्ही तिघांनी मिळून सांगितलं. त्याने विचारलं, "मंग मला नेऊन का न्हाई दाखवलं?" खरंच, का नाही दाखवलं? नियम होते, पिशवीत गुंडाळून दहन झालं होतं, गावातल्या कुणालाच जाता आलं नव्हतं. पण लेकराच्या दृष्टीने बाप एक दिवस निघून गेला होता आणि न सांगता परगावी राहिला होता. त्याला वाटत होतं, बाप आपल्यावर रागावलाय. हे त्याने चुलत्याला नंतर सांगितलं. काही महिन्यांनी अंथरूण ओलं होणं थांबलं. आजही तो माझ्याकडे आला की पायरीवर घुटमळतो, पण आत येतो.

मुलं बापाच्या मरणातून सावरू शकतात. न सांगितलेल्या मरणातून त्यांना सावरताच येत नाही, हे मी अशा बऱ्याच घरांत पाहिलं. मोठी माणसं लेकरांना वाचवण्यासाठी खोटं बोलतात आणि लेकरू त्या खोट्याची जागा स्वतःच्या अपराधाने भरून काढतं.

मदतीचंही एक सांगायला हवं. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने पाच लाखांची ठेव आणि केंद्राने तेविसाव्या वर्षी दहा लाख, अशा योजना आणल्या. त्या चांगल्याच आहेत. पण आमच्याकडच्या बहुतेक घरांत एकटा बाप गेला होता. तिशीतली विधवा, दोन-तीन लेकरं, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल अजून फिटायची. तिला या ठेवी लागू नव्हत्या. तिच्यासाठी बालसंगोपन योजना होती, पण तिचा अर्ज, मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं खातं या सगळ्यांसाठी मजुरी बुडवून खेटे घालावे लागायचे. मृत्यूच्या दाखल्यावर कारण न्यूमोनिया लिहिलेलं असेल, तर आणखी एक फेरी. अंगणवाडीताईंनी ज्या गावात स्वतःहून कागद गोळा केले, तिथल्या लेकरांना पैसे मिळाले. जिथे नाही केले, तिथे मिळाले नाहीत. इतकं साधं आहे ते.

कोविडने लेकरांना दिलेला शेवटचा फटका २०२२ च्या हिवाळ्यात आला, गोवराच्या रूपात. मुंबईत गोवंडीला सुरुवात झाली, मग मालेगाव, भिवंडी. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायची असते. गोवर इतका सांसर्गिक की शंभरातल्या पंचाण्णव लेकरांना लस मिळाली तरच तो थोपतो. २०२० मध्ये गावोगावची लसीकरणाची सत्रं थांबली, नर्सताई कोविडच्या ड्यूटीवर गेल्या, लोक दवाखान्याच्या वाऱ्यालाही फिरकेनात. आमच्याकडे त्यात ऊसतोडीची भर. दिवाळीनंतर कोयता निघतो तो सांगली-कोल्हापूर-कर्नाटकापर्यंत. नऊ महिन्यांचं बाळ पाचटाच्या कोपीत आणि लसीचं कार्ड गावाकडच्या पेटीत. २०२० च्या एप्रिलमध्ये ही माणसं परतली तेव्हा गावाने त्यांना शिवारात थांबवलं. डोस देणारं तिथे कोण जाणार? चुकलेल्या डोसचं लेकरू दिसायला इतर लेकरांसारखंच असतं. अडीच वर्षांनी, डोळे चिकटलेलं, अंगावर पुरळ आणि छाती भरलेलं असं एक लेकरू माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्याची आई म्हणाली, "कोरोनात लेकराला काय झालं न्हवतं बाई, आमी लई जपलं."

तेव्हा वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे. घरात किंवा शेजारी २०१९ ते २०२१ दरम्यान जन्मलेलं लेकरू असेल, तर त्याचं लसीचं कार्ड आज काढून बघा. गोवर-रुबेलाच्या दोन नोंदी नसतील, तर जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. वय उलटलं म्हणून परत फिरू नका, नर्सताईंना विचारा. ज्यांना मिस-सी झाला होता त्यांची शेवटची इको राहिली असेल तर करून घ्या. आणि तुमच्या गल्लीत कोविडने नवरा गेलेली बाई असेल, तर तिच्या लेकरांचा बालसंगोपनाचा अर्ज झालाय का, एवढं तिला विचारा. योजना चालू आहे, महिन्याला प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये मिळतात आणि अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा असतो. तिला लिहिता येत नसेल तर तो तुम्ही लिहून द्या.